उपास कुठला?

आमच्या ऑफिसात सध्या तिघं कीटोवर आहेत, दोघं सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत वचपा काढतात आणि एचआरमधल्या एक बाई सकाळी दुधीचा रस पिऊन येतात. प्यायल्याचं त्यांना सांगावं लागत नाही, चेहऱ्यावर दिसतं. हिंजवडी फेज टूमधल्या आमच्या काचेच्या इमारतीत जो भेटेल तो स्वतःचा काही भाग कमी करण्याच्या खटपटीत असतो. त्यात मी एकटा वजन वाढवायच्या मागे आहे. वाढवायच्या म्हणणंसुद्धा धाडसाचंच, आहे ते टिकलं तरी पेढे वाटीन. पेढे मला चालत नाहीत, तो भाग वेगळा.

उंची पाच फूट नऊ इंच, वजन ५४ किलो. पट्ट्याची आयती भोकं संपली तेव्हा गॅसवर खिळा तापवून मी घरीच दोन पाडली. जाड माणसाला सल्ला मिळतो, बारीक माणसाचा हेवा केला जातो. "तुझं बरंय बाबा, काहीही खा, अंगाला लागत नाही," असं लिफ्टमध्ये रोज कोणीतरी म्हणतं. त्यातलं 'काहीही' मला चालत नाही आणि जे चालतं ते अंगाला लागत नाही, हे पाच मजल्यांत समजावून सांगता येत नाही.

दुखण्याचं नाव सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न शोषून घ्यायचं काम तिचं. माझी लव झिजून गालिच्याची सतरंजी झाली होती. रक्ताची तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता एंडोस्कोपी करून तुकडा तपासू. पण तोवर चपाती सोडू नका. सोडलीत तर पुरावाच नाहीसा होतो." तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते तीन आठवडे मी गव्हाचा निरोप समारंभ केला. वडापाव, मिसळीबरोबरचा स्लाइस, बाकरवडी, श्रूजबेरी बिस्किटं, लग्नातल्या जिलब्या. कुणाच्या लग्नातल्या ते विचारू नका. हॉल रस्त्यात होता.

तुकड्याचा रिपोर्ट आला आणि गहू आयुष्यभरासाठी गेला. "दूध?" मी विचारलं. दूध पचवायचं लॅक्टेज त्या लवेच्या टोकांवर तयार होतं, आणि माझी टोकंच शिल्लक नव्हती. म्हणजे दूध, दही, ताक, पनीर, मस्तानी सगळं बंद. "गालिचा परत आला तर वर्षभरानं बघू," डॉक्टर म्हणाले. "साजूक तूप खा, त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतं." मी विचारलं, "आणि वजन कसं वाढवू?" ते म्हणाले, "खा." मी विचारलं, "काय?" त्यांनी बेल दाबून पुढचा पेशंट बोलावला.

बार्शीला फोन केला. आई म्हणाली, "म्हणजे भाकरी खायची. त्यात रडण्यासारखं काय आहे?" आईच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच व्हायची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकेतल्या लाल मिलोच्या भाकऱ्या तिनं थापलेल्या आहेत. तिच्या लेखी आमच्या घराची प्रगती म्हणजे भाकरीवरून चपातीवर येणं. मुलगा आयटीत गेला आणि परत भाकरीवर आला, हे गल्लीत कसं सांगायचं? दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं मार्ग काढला. "त्याला डॉक्टरांनी भाकरी लिहून दिलीय," असं ती आता सांगते. महिन्याला एसटीनं दहा किलो मालदांडी ज्वारी येते. फोन ठेवताना म्हणते, "दूधभाकरी खात जा, अंग धरशील." दुधाचं तिला नऊ वेळा सांगून झालंय.

या आजारात खरा त्रास देतो तो गहू नव्हे, 'थोडंसं' हा शब्द. "थोडंसं घ्या, काही होत नाही." "एवढ्याशानं काय होतंय?" "आमच्याकडचा गहू लोकवन आहे, बाधत नाही." मराठी माणसाला नकार म्हणजे आग्रहाची सुरुवात वाटते. 'थोडंसं' म्हणजे नक्की किती, हे या देशात फक्त अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ठरवून ठेवलंय. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये. चिमूटभर मिठाचाही तो लहानसा हिस्सा होतो. हे मी एका साखरपुड्यात मुलाच्या मामांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पानात अर्धीच पोळी वाढली.

गहू लपून बसतो कुठे कुठे! हिंगात बसतो. बाजारातला बांधानी हिंग हा निखळ हिंग नसतो, खऱ्या हिंगात मैदा नाहीतर डिंक घालून तो वळतात. म्हणजे आपल्या प्रत्येक आमटीच्या, प्रत्येक उसळीच्या फोडणीत चिमूटभर संशय. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात असतो, आजारी माणसाला मऊ भात आणि मेतकूट देणाऱ्या या समाजात मी आजारीही पडू शकत नाही. चायनीजच्या सोया सॉसमध्ये असतो. कँटीनमध्ये विचारलं तर काउंटरवरचा मुलगा खात्रीनं म्हणाला, "सर, यात गहू अजिबात नाही. मैदा आहे." आणि दुधाचं विचारल्यावर, "दूध कशाला घालू सर? दही आहे."

गव्हाचा हा गुन्हा सापडला तोही उपासमारीतच. महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. माणसं ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढत होती. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाची सीलिॲकची मुलं मात्र त्या दिवसांत सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेला गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९५० साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. त्याच्या आधी पंचवीस-एक वर्षं अमेरिकेत याच मुलांना केळ्यांवर ठेवायचे. मुलं बरी व्हायची आणि श्रेय केळ्यांना मिळायचं. मी रोज चार केळी खातो. श्रेय अजून कोणालाच मिळालेलं नाही.

आता गिरणी. मालदांडी आली तरी दळायची कुठे? हिंजवडी गावात, देवळाच्या मागच्या बोळात एक गिरणी आहे. तिथे मी पहिल्यांदा डबा घेऊन उभा राहिलो तेव्हा पुढे पाच बायका होत्या आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होती. "गव्हावर गहू टाका हां दादा." "माझी ज्वारी ज्वारीवर घ्या." मी ऐकतच राहिलो. आधीच्या धान्याचं पीठ दगडात राहतं आणि पुढच्यात मिसळतं, हे तत्त्व मी तीन महिने मोठमोठ्या हॉटेलांच्या मॅनेजरांना, चित्रं काढून, सांगत होतो. इथे ते पदरानं नाक झाकून उभ्या असलेल्या पाचही जणींना पाठ होतं. माझा नंबर आल्यावर मी म्हणालो, "गव्हाचा कण नको. खरंच कण नको." गिरणीवाल्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "उपासाचं हाय का?"

मी सवयीनं आतड्यापासून सुरुवात करणार होतो. का कोण जाणे, "हो" म्हणालो.

त्यानं मोटर बंद केली. दगड उघडला, झाडणीनं कानाकोपरा झाडला, पिशवी उलटी करून झटकली, मूठभर तांदूळ टाकून फिरवला आणि ते पीठ बाजूला काढून मग माझी ज्वारी घातली. ज्वारी उपासाला चालत नाही, हे मोटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो काहीच बोलला नाही. माणसाचं आणि देवाचं काही खासगी असू शकतं. (डॉक्टरांना हा तांदळाचा उपाय पुरेसा वाटला नाही, म्हणून पुढे मी घरघंटी घेतली. ती चालू केली की खालच्या मजल्यावरून भिंत ठोकतात.)

पण परवलीचा शब्द मला सापडला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेरच्या गल्लीतल्या मेसवर गेलो. तिथल्या मावशींना ग्लूटेनबद्दल मी पूर्वी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी "बरं बरं" म्हणून त्याच कालथ्यानं बटाटे वाढले होते. या वेळी एवढंच म्हणालो, "मावशी, आज उपास आहे." मावशींनी जीभ चावली. "थांबा, तवा धुऊन देते." तवा घासला, कालथा बदलला, हातसुद्धा धुतले. जिऱ्याची फोडणी. उपासाच्या फोडणीत हिंग नसतो, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वरई, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं. अख्ख्या महाराष्ट्रात घरोघरी एक ग्लूटेनमुक्त स्वयंपाकघर तयार आहे, ते एकादशीला उघडतं. देवासाठी नाही म्हणणाऱ्याला वाट मिळते, आतड्यासाठी नाही म्हणणारा शिष्ट ठरतो. मी देव निवडला.

दोनच अडचणी होत्या. उपासात दूध-दही मुबलक असतं, त्याला मी "माझा कडक आहे" असं म्हणू लागलो. त्यामुळे माझ्याबद्दलचा आदर वाढला. दुसरी अडचण स्नायूंची.

कारण नुसतं वजन वाढून भागत नाही. बसून खाल्लं की पोट पुढे येतं आणि हात काटकुळेच राहतात. मी ऑफिसजवळच्या जिममध्ये नाव घातलं. ट्रेनर तेवीस वर्षांचा, त्याचा दंड माझ्या मांडीएवढा. त्यानं सांगितलं, "सर, व्हे घ्यावंच लागेल." चक्का टांगला की खाली पातेल्यात जे पिवळसर पाणी गळतं ते म्हणजे व्हे. माझी आजी त्याला निवळी म्हणायची आणि त्यात कणीक मळायची. एकाच परातीत माझे दोन्ही शत्रू, तेही एकजीव! आता ते पाणी वाळवून, चॉकलेटचा वास लावून, काळ्या डब्यातून हजारो रुपयांना विकतात. दूध बंद असल्याचं सांगितल्यावर ट्रेनर विचारात पडला. "मग वाटाण्याचं प्रोटीन आहे सर." ते आणलं. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. लहानपणी वहीचा पुठ्ठा चघळलेला असल्यामुळे मी हे अधिकारानं सांगतो.

हिशोब असा. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वजनं उचलून स्नायू धरायचे तर १.६ ग्रॅमपर्यंत जावं लागतं. माझे झाले ८६. चार अंडी २४. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांत वीसेक. शंभर ग्रॅम हुलगे किंवा मटकी, बावीस-तेवीस. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, तेरा. बाकीचे कोंबडी नाहीतर सुकट भागवते. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात तीन भाकऱ्या आणि वाडगाभर हुलग्यांची उसळ खाल्ली की माणूस चार तास सपाट होतो, पुढचं जेवण नुसतं दिसलं तरी दचकतो. चोथा भरपूर, पोट भरतं, वजन भरत नाही. यावर उतारा बार्शीहून आला. शेंगदाण्याची चटणी घ्यायची, तिच्यात खळगा करायचा आणि त्यात कच्चं करडईचं तेल ओतायचं. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी, जागा शून्य. पूर्वी ज्या तेलाच्या तवंगावर आम्ही टिश्यू पेपर टाकायचो, तोच तवंग मी आता चमच्यानं गोळा करतो. टेबलावरचे कीटोवाले तेवढ्यापुरते माझ्याकडे प्रेमानं बघतात.

दर तीन तासांनी खायचं, हा ट्रेनरचा दुसरा नियम. हिंजवडीत तीन तासांत काय होतं ते त्याला माहीत नाही, तो जिमच्या वरच राहतो. शिवाजी चौकात अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये मी उकडलेल्या अंड्यांचा डबा एकदाच उघडला. एसी बस, बंद काचा. कोणी काही बोललं नाही. पुढच्या थांब्यावर माझ्या शेजारचा माणूस उतरला. त्याचं घर वाकडला होतं, आणि आम्ही अजून फेज वनमध्येच होतो.

म्हणून अंडी मी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून खाऊ लागलो, आणि तिथेच उपास उघडा पडला. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारची मात्र पंचाईत होती. मावशींनी एका बुधवारी सहज विचारलं, "उपास कुठला?" मी खिडकीबाहेर बघितलं. समोर जत्रेचा गेल्या वर्षीचा फ्लेक्स अजून लटकत होता. "म्हातोबाचा," मी म्हणालो. म्हातोबा हे हिंजवडीचं ग्रामदैवत. चैत्रात त्याचं बगाड निघतं ते वाकडला जातं. माझ्यासारखा बार्शीचा भाडेकरू बुधवारी म्हातोबाचा उपास करतो म्हटल्यावर मावशींचे डोळे भरून आले. मला जरा वाईट वाटलं, पण रताळं छान झालं होतं.

त्याच दुपारी चार वाजता मावशी पिशवी घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. मी बाकावर. मांडीवर डबा, डब्यात तीन अंडी, चौथं तोंडात. त्या थांबल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तोंडात अंडं असताना स्पष्टीकरण देता येत नाही. देता आलं असतं तरी काय दिलं असतं? बऱ्याच वेळानं मावशीच म्हणाल्या, "म्हातोबाला चालत असंल," आणि पुढे गेल्या.

मावशी आणि आमच्या मालकीणकाकू एकाच भिशीत आहेत, हे मला माहीत नव्हतं.

काकूंची जमीन आयटी पार्कात गेली. मुळशी तालुका तांदळाचा. जिथे त्यांचं भाताचं खाचर होतं तिथे आता कोणाचं तरी पार्किंग आहे. उरलेल्या गुंठ्यांवर तीन मजले चढवून त्यांनी आमच्यासारखे भाडेकरू ठेवलेत. दोन वर्षांत त्यांचं माझं बोलणं पाण्याच्या टँकरपलीकडे गेलं नव्हतं. जत्रेच्या दिवशी दुपारी दार वाजलं. काकू नऊवारीत, नाकात नथ, हातात झाकलेलं ताट. झाकण काढलं. तीन पुरणपोळ्या, कटाची आमटी, वाटीभर दूध आणि तुपाची तपेली.

"घे दादा. आज सोडायचा."

"काय सोडायचं काकू?"

"उपास! वरीसभर करतूयास म्हणं. देवाची पालखी दारावरनं गेली, आता त्वांड ग्वाड कर."

उपास कधीतरी सोडायचा असतो, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. ताटात माझी सगळी फाइल मांडलेली होती. पोळीत ग्लूटेन, वाटीत लॅक्टोज, आमटीत हिंग. काकू उंबऱ्यात उभ्या. पहिला घास बघितल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. खाली ढोल वाजत होते. मी म्हणालो, "काकू, उपास नाहीये. आजार आहे. गव्हाचं चालत नाही, दुधाचं चालत नाही. सांगितलं तर कोणी ऐकत नव्हतं, म्हणून..."

काकूंनी ताट खाली ठेवलं. बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या, भावकीत स्थळ बघताना बघतात तसं.

"मंग म्हातोबाला कशाला मधी घातलास?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. डिपॉझिटचे किती परत मिळतील, याचा हिशोब मी करू लागलो. दहा मिनिटांनी पुन्हा पायांचा आवाज आला. हातात मोठा वाडगा, वाडग्यात नुसतं पुरण. पोळ्या लाटायच्या आधी काढून ठेवलेलं, जायफळाचा वास सुटलेलं, अजून कोमट. हरभऱ्याची डाळ आणि गूळ. त्यात ना गहू ना दूध. मी मनात ग्रॅम मोजायला लागलो.

"ह्ये तरी चालतंय का?"

"चालतं."

"आन् तूप?"

"तूप चालतं काकू. डॉक्टरांनी सांगितलंय. पण थोडंसं..."

"थोडंसंच घालते," काकू म्हणाल्या आणि तपेली वाडग्यावर उपडी केली.